लॉट क्रमांक सात

मागच्या वर्षापर्यंत निविदा एकच निघायची.
एकतीस हजार स्वेटर, निळे, शाळेचे,
एका हप्त्यात, एका गोदामात पोच,
पुरवठादाराची तीन वर्षांची उलाढाल इतकी,
बँकेची हमी तितकी.
ती अट मीच टाइप करायचो,
रिओबांबाच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर, हीटरजवळ.
कधी मनात आलं नाही
की मी शेवटचं शून्य दाबलं
की इथून अर्ध्या तासावरच्या गुआनो गावात
विणायची यंत्रं गप्प होतात.

जिंकायची बंदरावरची एक कंपनी.
दुसरं कुणी अर्जच करायचं नाही,
आणि आम्ही अहवालात लिहायचो:
स्पर्धा खुली होती.

मग खात्यात पुरुंकाहास बाई आल्या.
पहिल्याच बैठकीत म्हणाल्या,
उंटावरून शेळ्या हाकणं पुरे झालं.
भाकरी मोडा.
तेवीस लॉट करा, परगण्यागणिक एक.
उलाढाल विचारू नका, नमुना मागवा.
लोकरीसाठी तीस टक्के आधी द्या.
सगळे माझ्याकडे बघायला लागले,
जणू भाकरी माझ्याच ताटातली होती.

लॉट क्रमांक सात: सान आंद्रेस, आठशे चाळीस नग.
अर्ज एकच.
देल्फिना युमिसाका, सोबत तीन बायका
आणि दीर सेगुंदो, जो फक्त बटणं लावतो.
‘उत्पादनक्षमता’ या रकान्यात तिनं लिहिलं होतं:
रात्री वीज असली तर जास्त.
नियमानं मी तो अर्ज बाद करायला हवा होता.
मी फोन लावला.

नमुना आला वर्तमानपत्रात गुंडाळून.
मी पट्टी घेतली.
छाती बरोबर, उंची बरोबर,
पण मनगटाची पट्टी आतून जाड.
शेरा मारला: मापात विसंगती.
दुसऱ्या दिवशी ती स्वतः आली,
टोपी मांडीवर ठेवून बसली,
म्हणाली, उसवा.
मी? इथे?
उसवा ना.
सरकारी कात्रीनं मी टाके कापले.
आत दुमडलेली होती
दोन बोटं लांब बाही.

पोरं वाढतात, ती म्हणाली,
तुमचा कागद वाढत नाही.

तपशीलपत्रात याला रकाना नव्हता.
मी शेरा खोडला, खाली सही केली,
आणि दिवसभर खिशात
निळ्या लोकरीचा एक तुकडा सापडत राहिला.

इथं कविता संपली असती तर बरं झालं असतं.

माल वेळेवर पोचला.
मुख्याध्यापकांनी पोचपावतीवर सही केली,
पण चौकटीच्या बाहेर.
लेखा विभागानं बिल परत पाठवलं.
सही चौकटीत आली, तोवर तारीख जुनी झाली.
तारीख नवी झाली, तोवर लेखापाल रजेवर गेले.
सरकारी काम अन् सहा महिने थांब,
असं लोक हसून म्हणतात.
ज्याला थांबावं लागतं, तो हसत नाही.
तीस टक्क्यांत निम्मी लोकर आली होती,
उरलेली उधारीवर.
लोकरवाला पंचेचाळीस दिवस थांबला,
सेहेचाळिसाव्या दिवशी टेम्पो घेऊन आला.

पैसे जमा झाले एक्याहत्तराव्या दिवशी.
पूर्ण रक्कम, एक सेंटही कमी नाही.
वार्षिक अहवालात लॉट सातपुढे
मी लिहिलं: यशस्वी.
ते खोटं नव्हतं.

सान आंद्रेसला आता पहाटे
पोरं बसची वाट बघत उभी असतात,
चिंबोरासोवरून वारा येतो,
आणि एखादी पोरगी दातांनी
बाहीचा टाका तोडायला बघते.
तिला कुणीतरी सांगितलंय
की आत अजून स्वेटर आहे.

नव्या वर्षाचा मसुदा माझ्या टेबलावर आहे.
कलम अकरा: देयक तीस दिवसांत,
उशीर झाल्यास व्याज.
बाईंची सही झाली.
वरची व्हायचीय.

देल्फिनाचा अर्ज मात्र आलाय,
मुदतीच्या चार दिवस आधी, नीट अक्षरात.
या वेळी उत्पादनक्षमतेपुढे तिनं लिहिलंय:
यंत्रं तीन.
आधी चार होती.