मानशीचा हिशेब

पावणीच्या आदल्या रात्री कॉम्प्युटर गेला.
निळा पडदा, पांढरी अक्षरं,
आणि कूळसंघाचा तेरा वर्षांचा जमाखर्च
आत, जाळ्यात शेवटा अडकावा तसा.

सकाळी चोडणच्या धक्क्यावर दोन डबे घेऊन उभी :
एक मेलेला, एक भाच्यानं वापरून दिलेला.
फेरीबोटीत पायी माणसाला तिकीट नाही;
डब्यांना लागतं का, खलाशालाही ठाऊक नव्हतं.

रायबंदरला रुझारनं हार्ड डिस्क कानाशी नेली,
नारळ हलवून बघावा तशी.
"जीव आहे," म्हणाला, "घर बदलूया."
मग एकेक नाव घेत बसला.
एक दर सहा महिन्यांनी नवं, एक रोज नवं,
एक तर आपणच रचायचं, आज्ञा टंकून टंकून.
त्याचा पोरगा मधेच : "हे घ्या, सगळ्यांत ताजं!"
बाबा, ताजं मी मासळीत बघते.

मला हवं ते
जे ऐन पावणीत 'थांबा, अपडेट होतोय' म्हणणार नाही.
ज्याचं बटण आज डाव्या कोपऱ्यात, उद्याही तिथंच.
ज्यात कूळ लिहिताना ळ शोधावा लागणार नाही.
आणि माझ्यामागं जे फ्लोरिना चालवील –
साप हातानं धरणारी बाई,
माऊसला भिते.

रुझार हसला नाही.
"तुमची मानस कोण उघडतं?" त्यानं विचारलं.
कुणी नाही. ओहोटी लागली की फळ्या आपणहून उघडतात,
भरतीचं पाणीच त्यांना लोटून मिटवतं.
आम्ही वर्षाकाठी तेवढं लाकूड चाचपतो.
"झालं तर," म्हणाला, आणि पेनड्राइव्ह खोचला.

नाव पुदिन्याचं. मिंट.
दुरुस्त्या येत राहतील म्हणे, काही वर्षं तरी,
भिंती हलायच्या नाहीत.
पडदा उजळला. मी आधी कचऱ्याची टोपली उघडली.
रिकामी. का कोण जाणे, बरं वाटलं.

संध्याकाळी पावणी. शेवटची बोली कायतानची,
सतरा हजार चारशे.
लिहिलं. सेव्ह केलं. उघडून पाहिलं, आकडा होता.
तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा फ्लोरिना म्हणाली,
"बाई, मानशीकडे पण अशाच जाता रात्रीच्या?"

जाते.
भरतीला मिटलेलीच असते.
तरी, बॅटरी घेऊन.