खटका टी-वर

शेफील्डला, डॉन नदीच्या काठी, बंद पडलेल्या पोलाद कारखान्यात
आता पुढच्या बाजूला कॉफी मिळते
आणि मागच्या अंधाऱ्या शेडमध्ये
ब्रेन्डा ऑक्स्लीबाईंच्या बारा सुया लोंबतात,
माणसाच्या उंचीच्या, पोलादी,
खाली जमिनीत पुरलेले विद्युतचुंबक.
मी तिथला वायरमन.
दहाला बटण दाबतो, पाचला बंद करतो.

मधल्या वेळात सुया काय करतात
ते बाईंनी भिंतीवर लिहिलंय.
मी पाहतो ते एवढंच:
सुई झुकते, चुंबकापासून बोटभर अंतरावर येते,
आणि नेमका तेव्हाच तो तिला सोडून देतो.
परतताना ती ताणलेल्या तारेला घासते.
लोक डोळे मिटून ऐकतात तो आवाज
जातानाचा.
येताना काहीच वाजत नाही.

चुंबक.
आपल्या भाषेनं लोखंडाला चुंबन घेणाऱ्याचं नाव दिलं,
आणि इथं तर टेकायची सोय नाही.
टेकली की चिकटते, मग मला शिडी आणावी लागते.
मार्चमध्ये सातवी चिकटली होती.

जूनमध्ये अण्णा आले.
इचलकरंजीत अडतीस वर्षं माग चालवले,
दोन्ही कान त्या खडखडाटात ठेवून आले.
कोल्हापूरहून घेतलेलं यंत्र, त्याला नखाएवढा खटका:
एम, टी आणि शून्य.
अण्णा बहुतेक वेळा शून्यावर असतात.

शेडमध्ये ते बाकावर बसले. "लोंबतंय झालं," म्हणाले,
आणि कंटाळून नखानं कान चाळवत राहिले.
मग थांबले.
बोट वर केलं. सुई झुकली.
पुन्हा बोट. पुन्हा सुई.
उठले, एरियल फिरवावा तशी मान वाकडी करत
सुयांमधून हिंडले.
"आता ही," म्हणाले. ती झुकली.
"आता ती कोपऱ्यातली."
शाळेच्या सहलीतली पोरं सुया सोडून
अण्णांकडे बघायला लागली.

रात्री मी यंत्राचं माहितीपत्रक वाचलं.
टी-वर ते हवेला बहिरं होतं.
त्याला फक्त चुंबक ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, काठी टेकत.
त्यांचे वडील इथंच भट्टीवर होते, असं कोणीतरी सांगितलं होतं.
"विचार त्यांना, कसं ऐकू येतं?"
अण्णा म्हणाले, "पहाटे लाइट येते बघ.
माग अजून हलला नाही. धोटा जागेवर.
मोटार नुसती गुणगुणते, पट्टा ताण धरतो.
तेवढंच. ओढ."
मी बाईंना म्हटलं, पुल.
मग म्हटलं, टेन्शन.
मग लाँगिंग म्हटलं आणि स्वतःच लाजलो.
नदीला असते ती, संध्याकाळी गुरांना असते ती,
ओढगस्तीतही तोच शब्द राबतो,
हे सगळं माझ्या इंग्रजीत कुठून बसणार?

अण्णांनी यंत्र काढलं, सदऱ्याला पुसलं
आणि बाईंच्या हातावर ठेवलं.
त्यांनी ते कानाशी धरलं.
पाचवी सुई झुकायच्या आधी
बाईंच्या भुवया वर गेल्या.
सव्वीस वर्षांपूर्वी स्वतः बनवलेलं.
काठी घसरून पडली ती मी उचलली.
बराच वेळ धरून उभा होतो.

पाचला मी बटण बंद केलं.
सुया हलत हलत थांबल्या.
अण्णांनी यंत्र पुन्हा कानात घातलं होतं,
खटका तसाच टी-वर.
"अजून आहे," म्हणाले
आणि भिंतीशी गेले,
फ्यूजबॉक्सपासून दारापर्यंत गेलेल्या माझ्या पट्टीला
कान लावून, हळूहळू, तिच्याबरोबर चालत राहिले.
दारापाशी विचारलं, "हे तू ओढलंस?"
"हो."
"सरळ ओढलंयस."

मग खटका शून्यावर.
ट्रॅममध्ये आम्ही काही बोललो नाही.