हिटरशेजारी

हिटर एकच आहे, तोही माझ्या टेबलाखाली,
म्हणून नुक्री इथे येऊन बसतो.
बहिणीचा मुलगा. बहीण इटलीत, बारी नावाच्या गावात,
एका परक्या म्हातारीचे पाय चेपते
आणि पाच तारखेला पैसे पाठवते.
त्या पैशांतून हा लॅपटॉप आला,
लॅपटॉपातून एक अख्खं साम्राज्य.

"मावशी, या वेळी लढाई करणारच नाही," म्हणाला,
"संस्कृतीनं जिंकणार."
मी चष्मा कपाळावर चढवून त्याच्याकडे पाहिलं.
एकवीस वर्षं चियातुराच्या या संग्रहालयात
संस्कृतीच्या किल्ल्या माझ्या कमरेला आहेत.
ती जिंकूही शकते,
हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्यानं समजावलं.
आधी नाट्यगृह बांधायचं. मग संग्रहालय.
भिंतींवर चौकटी रिकाम्या असतात, त्या भरत जायच्या.
मधूनच एखादा थोर चित्रकार जन्माला येतो,
बोटाएवढा,
त्याला डोंगरदऱ्यांतून हाकत शहरात न्यायचा.
पोचला की तो एक चित्र काढतो आणि दिसेनासा होतो.
"मरतो?"
"नाही गं. वापरून होतो."

मला वार्लाम आठवला.
आमच्या मँगनीजच्या दालनातली भिंत त्यानं रंगवली,
अकरा खाणकामगार आणि एक घोडा.
पैशांऐवजी त्याला कोळशाची चिठ्ठी मिळाली होती.

"आणि बाहेरची माणसं आपल्याकडे यायला हवीत.
इतकी, की त्यांना त्यांचं घर
आपल्यापुढे अळणी वाटायला हवं."
मी नोंदवही पुढे सरकवली.
मार्च: चार. त्यातले दोघे गारा पडत होत्या म्हणून.
एप्रिल: शाळेची सहल, एकोणतीस,
एकीचा दात इथेच पडला, तो ड्रॉवरमध्ये आहे.
मे: काही नाही.
"मावशी, तू हरत्येस," तो हसला,
मग स्वतःच ओशाळून चहा टाकायला उठला.

दोनशे एकतिसाव्या टर्नला
उत्तरेच्या शेजाऱ्यानं सरहद्दीवर फौज आणली.
"उत्तरेच्या?" माझ्या हातातला कप थांबला.
"गेममधल्या गं!"
शेजाऱ्याकडे तोफा. नुक्रीकडे एक ऑपेरा, सात पुतळे,
आणि वेशीवर दोन धनुर्धारी,
ज्यांना हजार वर्षांत कुणी नवं शस्त्र दिलेलं नाही.
त्यानं काय करावं?
एक थोर वादक घेतला
आणि थेट शत्रूच्या राजधानीत पाठवला.
"एकटा?"
"एकटाच."
"अरे, पण तिथे जेवेल कुठे तो?"
गेममध्ये जेवत नाहीत म्हणे.

अजून एकच टर्न, अजून एकच,
असं करत रात्रीचे दोन.
मी राजमा भरलेली भाकरी हिटरवर शेकून दिली,
ती त्यानं न बघता खाल्ली.
"बघ! त्यांची पोरं आता आपल्या विजारी घालतात,
आपली गाणी ऐकतात,
त्यांना वाटतं ती त्यांचीच आहेत!"
मी त्याच्याकडे बघत राहिले.
अंगात बारीहून आलेली जीन्स,
एका कानात कसलंसं गाणं, ज्यातला
एक शब्द मला कळत नाही, बहुधा त्यालाही नाही.
कुणीतरी, कुठेतरी,
फार छान खेळतंय.

हे मी त्याला बोलले नाही.
शेकलेला हात नुसता त्याच्या डोक्यावरून फिरवला,
तो म्हणाला, "मावशी, माऊस हलतोय."

सकाळी एक मोटरसायकलवाला आला, चिंब,
पोलंडचा. त्याला संडास हवा होता.
संडास मँगनीजच्या दालनापलीकडे.
परत येताना तो वार्लामच्या भिंतीपाशी थांबला.
पाणी ठिबकत होतं त्याच्या कोटातून, फरशी नुकती पुसलेली,
तरी मी गप्प राहिले.
सहा मिनिटं. घड्याळ माझ्या समोरच आहे.
मग त्यानं घोड्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं,
आणि मी, आमच्याच भाषेत, सगळं सांगितलं.

नुक्री उठला तेव्हा त्याला म्हटलं, एक जण आला होता.
"तिकीट काढलं?"
नाही रे. संडासासाठी आला होता.
त्यानं लॅपटॉप उघडला, हात चोळले,
चौदा टर्न उरले होते, फौज अजून तिथेच.
"तरी धर," म्हणाला. "मोज त्याला."