खोली क्रमांक सतरा

रात्री पुन्हा तोच निरोप, लाल अक्षरांत:
खोली क्रमांक सतरा. हवा आत येते, बाहेर जात नाही.

कायानीची ही शाळा, जुनी, विटांची.
तिच्या त्रेचाळीस खोल्या मी एकेक करून बांधल्या नाहीत.
फक्त म्हटलं: प्रत्येक खोलीला
एक थर्मोस्टॅट दे, एक रेडिएटर दे, एक झडप दे,
आणि पुढच्या खोलीकडे जा.
सहा ओळी. कॉफी निवायच्या आत शाळा उभी.

मुलंही घातली. प्रोग्रामला मुलं लागतात,
उबेच्या हिशेबासाठी.
एक मूल म्हणजे सत्तर वॅट, बसलेलं.
(धावणाऱ्याचा आकडा वेगळा.)
त्यांना खोकला नाही, ओले हातमोजे नाहीत,
नऊला उगवतात, दोनला मावळतात.

हवामानाची फाइल तर शिवलेलीच असते:
जानेवारी एका सालचा, फेब्रुवारी दुसऱ्या,
मार्च त्या वर्षाचा, ज्या वर्षी माझं लग्न मोडत होतं.
असं एक वर्ष, जे सलग कुणीच जगलेलं नाही,
आणि सगळ्यांचा भरवसा त्याच्यावरच.

सतरासाठी मी एक ओळ जास्तीची लिहिली:
बाहेरची वाट सापडली नाही, तर आहे असं समज.
लाल अक्षरं गेली.
आठ हजार सातशे साठ तास
तीन मिनिटांत सरले.

मीटर मात्र ऐकेना.
रोज पहाटे सहा चाळीसला
खऱ्या शाळेचा आलेख
उंबऱ्याला ठेच लागावी तसा उडायचा.
मी भिंती पातळ केल्या. दारं सैल केली.
छतावर आळ घेतला.
आकडे जुळायचे,
पढवलेल्या साक्षीदारासारखे.

मग गेले. उणे सव्वीस. पापण्या चिकटत होत्या.
सतरामध्ये दिवा होता, खिडकी सताड उघडी,
आणि तिच्याशी, कानटोपी घालून,
ओइवा केम्प्पाइनेन, शाळेचा रखवालदार,
घड्याळाकडे बघत उभा.

"गिलावा केला तेव्हा वरची जाळी बुजवली," म्हणाला.
"नकाशात आहे. भिंतीत नाही.
मुलं दहा वाजताच पेंगायची.
आम्हाला वाटायचं, गणितामुळे."
पंधरा मिनिटं झाली. त्यानं कडी लावली,
चौकटीवरचा बर्फाचा भुगा बाहीनं पुसला.
"तुझ्या नावातच वारा आहे, तूलिक्की.
तुला तरी कळायला हवं होतं."

कळलं होतं.
यंत्रानं सांगितलंही होतं, तीनदा.
मीच त्याला गप्प केलं होतं.

परत येऊन ती ओळ खोडली. नवी लिहिली:
सोमवार ते शुक्रवार, सहा चाळीस ते सहा पंचावन्न,
खिडकी उघडी.
पुढे एक चिन्ह, ज्याच्यानंतरचं यंत्र वाचत नाही,
आणि तिथे: ओइवा.

आलेखावर आलेख बसला,
झाकणावर झाकण बसावं तसा.
मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, जेवणापर्यंत.

नगरपालिकेला पुढची वीस वर्षं हवी होती.
चालवली.
विसाव्या हिवाळ्यातही तो आला, सहा चाळीसला,
ब्याऐंशी वर्षांचा,
गुडघा दुखत नाही, रजा नाही,
एका सकाळीही चूक नाही.
मी पडद्याकडे बघत बसले. ती फाइल
मला कुणाला पाठवता येईना.

शेवटी सुचवलं तेच, जे सुचवायचं असतं:
भिंतीला भोक, एक छोटा पंखा, खिडकी बंद.
नव्या आवृत्तीत ती ओळ नाही,
तिच्या पुढचं नावही नाही.

अहवाल, पान एकतीस, तळाशी:
खोली सतरा. वर्षाकाठी बचत चारशे दहा युनिट.
देखभाल: काही नाही.