जड नत्र

धारगळच्या सड्यावर कार्तिक सरताना
जांभा असा तापतो
की दगडावर ठेवलेला चहा
दुसऱ्या फेरीपर्यंत कोमट राहतो.
गवत अर्धं पिवळं. कुसळं मोज्यांत घुसून
म्हापशापर्यंत घरी येतात.

माझं काम सुईचं.
खोक्यात साठ कुप्या, जड नत्राच्या.
नेहमीच्या नत्राहून अंगात एक कण जास्त,
पुढे कोणाच्या पानात सापडलं
तर ओळख पटावी म्हणून.
पेरभर खोल, मग वीतभर.
एकदा दव असताना, एकदा भर उन्हात.
माती तरी केवढी? खळग्यात ओंजळभर,
तीही शेजारून मागून आणल्यासारखी.

भागी वरक म्हशी हाकत आली, थांबली.
"गवताला इंजेक्शन? आजारी हाय काय?"
म्हटलं, कोण काय खातं ते बघतोय.
"मला इचारायचं की," म्हणाली
आणि उतारावरून दिसेनाशी झाली.

फेब्रुवारीत पणजीहून आकडे आले.
कुसळी वरचं वरचं ओरबाडते
दव आहे तोवर;
उन्हं चढली की हात धुऊन मोकळी.
शेवऱ्याच्या मुळांना गाठी, तो हवेतून कमावतो,
पण आयतं पुढ्यात आलं तर नको म्हणत नाही.
करवंदीनं जांभ्याच्या भेगेत मूळ सोडलेलं:
खालचं, उशिराचं,
सगळ्यांची भांडी घासून झाल्यावरचं.
दवबिंदूच्या नावापुढे जवळपास शून्य.
त्याच्या पानावर तेव्हाही एक चिलट
पाय झाडत होतं, मला आठवतं.

फक्त सतरावी चौकट जुळेना.
तिथे नुसती कुसळी, कमरेइतकी.
शेवरा नाही, गेंदाचं एक बोंडूक नाही.
वहीत मी लिहिलं होतं: नमुना सदोष.

परत गेलो. सडा जळून काळा,
खुंट्या तेवढ्या उभ्या, दोऱ्या वितळलेल्या.
भागी राखेतून वाट काढत आली.
सतराव्या खुंटीकडे हनुवटीनं दाखवलं.
"हितं माझी चांदी बसायची राती.
गाभण होती, खाली उतरवत नव्हती.
दोन म्हैने हितंच मुतली.
मग काय, ह्या एकलीचंच फावलं.
बाकीच्यास्नी उपाशी राह्याची सवय,
पोटभर झालं की मरत्यात ती."

मी 'सदोष' खोडलं.
पेन्सिलीचं टोक जिभेला लावून
बराच वेळ बसलो.
मग रकान्यात लिहिलं:
चांदी, म्हैस, दोन महिने.