बारवीचं पाणी उतरताना

होळी झाली की धरण रोज चार बोटं उतरतं.
मी रविवारी अंबरनाथहून येतो, स्कूटरला काठ्या बांधून,
दगड अजून गार असतात तेव्हा.

भागी मेंगाळ आधीच बसलेली.
तिच्याकडे बांबू, दोरी, तरंडाला मोरपिसाची काडी.
माझ्या रीळकडे बघून म्हणते, "केवढं करकरतं रे हे."

ऊन चढायच्या आत, नाहीतर थेट सांजेला.
वारा ज्या काठावर आपटतो तिथं बस.
कणीक नको, चिलाप्या कुरतडून नेतात;
मोहाची फुलं भिजव, कोंडा घालून मळ.
आणि सावली पाण्यावर पाडू नको.

"मोठा कुठं असतो?"
ती चिंचेच्या वर आलेल्या खोडाकडे बोट करते.
"तिथनं वीस हात. आमचं खळं होतं.
त्याच्या कडेला रोहू उभा राहतो,
माझा दीर राहायचा तसा,
जेवायला हाक मारेपर्यंत."

मी गळ टाकतो. तिच्या खळ्यावर.
काडी हलते, आडवी होते, थांबते.
"ओढू नको. चाखू दे."

नऊच्या सुमाराला गवतापाशी लालसर पुंजका फुटला:
मरळीची पिल्लं,
खाली आईची काळी पाठ.
मी काठी वळवली.
भागीनं न बोलता माझी दोरी मुठीत धरली,
पुंजका पुढं सरकेपर्यंत.

पिशवीत आज दोनच चिलाप्या.
निघताना म्हणाली,
"पुढच्या रविवारी उंबरा दिसंल बहुतेक.
गळ टाक तिथं, पण
चपला काढून ये."