पान चौदा

रात्रपाळी सुटायच्या आधी
अंबडच्या या पत्र्याच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर चालू करते.
काचेतून पांडवलेणीचा डोंगर, थंडीत अर्धाच उगवलेला.
पॉवर प्रेसची पुस्तिका. पान चौदा.

‘यंत्र कार्यान्वित असताना प्रचालकाने आपले हात
संरक्षक आवरणाच्या अंतर्भागात प्रविष्ट करू नयेत.’
खाली लाल नागमोडी रेघ.
वाक्य जड आहे, म्हणतो.
त्याला कोण सांगणार, हे मीच लिहिलंय,
दोन वर्षांपूर्वी, आणि साहेबांची शाबासकीही घेतलीय.

एक मानायला हवं, त्याला कंटाळा येत नाही.
एकाच वस्तूला मी चार नावं ठेवली होती:
आवरण, गार्ड, झडप, झाकण.
सत्तावन्न जागा शोधून त्याने पुढ्यात मांडल्या.
शॉपवर सगळे म्हणतात जाळी.
मग एका कळीसरशी सगळं जाळी.
आणि वाचायला बसले, तर:
‘ते जाळी घट्ट बसले का पाहा.’
‘जेवणाच्या डब्याचे जाळी मशीनवर ठेवू नये.’
एकटीच हसले.
ते-चं ती केलं हाताने, पानामागून पान,
आणि डब्याला त्याचं झाकण परत दिलं.

सातला चहा आला. मागोमाग बेंडकुळे, पाळी संपवून.
वाचा म्हटलं.
ते बोट ठेवून वाचतात, करंगळीशेजारचं;
त्याच्या अलीकडची दोन नाहीत.

‘मशीन चालू असताना हात घालू नका.’
सहा शब्द. वाचनीयता ब्याण्णव. हिरवी खूण.

बेंडकुळ्यांनी चहा बशीत ओतला.
‘चालू मशीनमधी कोन घालतंय हात, मॅडम?
बंद झालं असं वाटतं ना, तवाच जातो.
बटण बंद, पन वर चाक फिरतंच असतं.’

बशीवर साय धरेपर्यंत मी काही बोलले नाही.
हे कुठल्याच रेघेखाली आलं नव्हतं.

मग टाइप केलं:
बटण बंद केलं?
थांबा. वर चाकाकडे बघा.
फिरतंय? हात खिशात.

अपूर्ण वाक्य, म्हणाला कॉम्प्युटर.
क्रियापद सुचवू?
नको.

बेंडकुळे गेले पाथर्डी फाट्याकडे, कानटोपी ओढून.
पान पंधरा.
‘वंगणद्रव्याचे नियतकालिक पुनर्भरण…’
लाल रेघ.
दुसऱ्या पाळीची माणसं गेटवर अंगठे टेकवतायत.
त्यातल्या कुणाला बोलवावं, बघतेय.